रस्त्याच्या टोकाची टाकी

प्रिय बारक्या,

तुझा शेअर विक्रीचा अर्ज येऊन अकरा दिवस झाले. तू फोनवर तीनदा विचारलंस आणि मी तिन्ही वेळा "बघते" म्हणाले, म्हणून मनातून चिडला असशील. चिड. तो अर्ज मी रोज पर्समध्ये घालून कामावर नेते आणि रोज परत आणते. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत फाटक्या पुस्तकांना खळ लावायची, वर वजन ठेवायचं आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही, हे माझं काम तुला माहीतच आहे. त्या रिकाम्या वेळात मी अर्जावरची तुझी सही बघत बसते. घाईत केलीयस. शेवटचं अक्षर कागदाबाहेर पळत सुटलंय.

काल दुपारी तिथेच डुलकी लागली आणि बाबांचं चष्म्याचं दुकान दिसलं. चार वाजताचं ऊन काउंटरवरच्या काचांमधून जायचं आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचे गोल थरथरायचे, तसेच थरथरत होते. तू ते मुठीत पकडायला धावायचास. बाबा नेहमीप्रमाणे एका गिऱ्हाइकाला दारापाशी स्टुलावर बसवून म्हणत होते, आधी दोन मिनिटं त्या रस्त्याच्या टोकाच्या पाण्याच्या टाकीकडे बघा, मग डोळे तपासू. गिऱ्हाइकं वैतागायची. बाबा समजावायचे की जवळचं बघायला डोळ्याला कष्ट पडतात, लांबचं बघायला काहीच करावं लागत नाही, नुसतं सैल सोडायचं. स्वप्नात गिऱ्हाईक वळलं तर तो तू होतास, आणि तुझ्या हातात फोन होता.

तुझ्या बायकोनं सांगितलं, तू जेवतानाही फोन ताटाशेजारी ठेवतोस. दिवसभर ऑफिसात तेच लाल-हिरवे आकडे आणि घरी पुन्हा तेच. मी रागावत नाही रे. बाजार पडलाय हे मलाही दिसतं. पण आपल्या त्या कुलपांच्या कंपनीचे शेअर घरात कसे नांदले, ते आठवतंय का? वर्षातून एकदा, दुकानातलं काच घासायचं यंत्र धुवायच्या दिवशी, बाबा पत्र्याचा डबा उघडायचे. कागद मऊ फडक्यानं पुसायचे, पेपरातला भाव मोठ्यानं वाचायचे, "बरं" म्हणायचे आणि डबा बंद. भाव दुप्पट झाला तरी बरं, निम्मा झाला तरी बरं. आई म्हणायची, माझ्या माहेरच्यांनाही तुम्ही वर्षातून एकदाच बघता, त्यांचाही भाव वाढला असेल. बाबा म्हणायचे, त्यांचा तर कधी पडलाच नाही.

बाकीचं वर्ष ते भाव बघायचे नाहीत, कुलपं बघायचे. आपल्याला फिरायला नेलं की लोकांच्या दारांकडे नजर. हे आपलं, हे आपलं, हे दुसऱ्या कंपनीचं. तू ओरडून मोजायचास, आणि एकदा एका बाईनं खिडकीतून विचारलं होतं, काय हो, चोरी करायचा विचार आहे का? ते हट्टी मात्र नव्हते. एका आरशांच्या कंपनीचे शेअर त्यांनी चांगला भाव असताना विकून टाकले, कारण दुकानात येणारे आरसे वर्षभरात काळे पडायला लागले होते. विकायचं तर मालाकडे बघून, पाटीवरच्या आकड्याकडे बघून नाही, एवढंच त्यांचं गणित.

आता तुला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगते. मी अठराची झाले तेव्हा बाबांनी कुलपांच्या कंपनीचे निम्मे शेअर माझ्या नावावर केले. पुढे मी नोकरीला लागले आणि त्याच वर्षी बाजार असाच कोसळला. ग्रंथालयात दुसरा विषय नव्हता. हेडक्लार्कनं सगळं विकलं आणि पेढे वाटावेत तशा आनंदानं सगळ्यांना सांगितलं. मी घरी येऊन रडले, म्हटलं मलाही विकायचेत. बाबांनी एकच विचारलं, पैसे हवेत की भीती वाटते? मी म्हटलं, भीती वाटते. ते "बरं" म्हणाले, चपला घातल्या आणि माझ्याबरोबर ब्रोकरकडे येऊन माझे सगळे शेअर विकून दिले. येताना नेहमीसारखी दारं बघत चालले.

पाच वर्षांत त्याच शेअरचा भाव सहापट झाला. आणि त्या वर्षापासून बाबांनी डब्याच्या दिवशी भाव मोठ्यानं वाचणं बंद केलं. पेपर डोळ्यांजवळ धरायचे, ओठ हलायचे, आणि "बरं". तू त्यांना किती चिडवायचास, चष्मेवाल्याचेच डोळे गेले म्हणून. तेही हसून म्हणायचे, हो रे, गेले. डोळे शाबूत होते बारक्या. मी समोर बसलेली असायचे, म्हणून ते मनात वाचायचे.

परवा बाजार आणखी पडला आणि घरी आल्याबरोबर मी तुझ्या अर्जावर सही करून टाकली. हो, केली. तेव्हाच्या मुलीसारखे हात गार पडले होते. अर्ज टेबलावर राहिला, आणि काल सकाळी चष्मा शोधताना आईच्या हाताला लागला. तिनं दोन्ही सह्या वाचल्या, खुर्चीत बसली आणि म्हणाली, दोघंही एकदम घाबरलात? हे काही तुझ्या बाबांनी गृहीत धरलं नव्हतं. मी विचारलं, म्हणजे काय? तेव्हा कळलं. तू अठराचा झालास तेव्हा उरलेले शेअर आपल्या दोघांच्या नावावर झाले, ते वाटणी सारखी व्हावी म्हणून, असंच तू समजत आलास ना? मला माझे निम्मे आधीच मिळाले होते, तरी कारण मी कधी विचारलं नाही. बाबा आईला म्हणाले होते, एकटं माणूस घाबरणारच, पोरीचं काही चुकलं नाही. पण दोघांच्या सह्या लागल्या, तर एक घाबरेल त्या दिवशी दुसरं शुद्धीवर असेल.

काल संध्याकाळी येताना मी हार्डवेअरच्या दुकानात शिरले. दुकानदाराला विचारलं, हल्ली कुठलं कुलूप जातं? त्यानं आपल्याच कंपनीचं नवं, बटणांचं कुलूप दाखवलं आणि कुरकुरला, पंधरा दिवस झाले ताई, माल पुरवत नाहीत, मागणी फार आहे. बाहेर आले आणि रस्त्याच्या पार टोकाला, जिथे घरं निळसर होऊन एकमेकांत मिसळतात, तिथे बघत उभी राहिले. किती वेळ ते कळलं नाही. डोळे सैल झाले, आणि त्यांच्यामागून मीही.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू भाव बघत बघत बोलतोस. म्हणून लिहिलं. अर्ज सोबत परत पाठवतेय, माझ्या सहीवर आडवी रेघ मारून. तुला पैशांची गरज असेल तर तसं सांग, एका शब्दानं न विचारता नवी सही करते. भीती असेल तर सगळ्यांना घेऊन इकडे राहायला ये, आईनं तुझी खोली झाडून ठेवलीय. आणि उद्या कधी माझे हात गार पडले, मी रडून, भांडून, ताईपणाचा धाक दाखवून असाच अर्ज तुझ्याकडे पाठवला, तर तू सही करू नकोस. "बघतो" म्हण. एवढं तुझ्याकडून हवं होतं.

तुझीच,
आज न घाबरलेली ताई