एका बोटाने उघडणारा चाकू

रविवार, २ फेब्रुवारी २००३. शिरूर, संध्याकाळ.
व्हेंडरने दिलेली डायरी महिनाभर कोरी पडली होती. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आज घडलं.

सासुरवाडीला, राहू गावाला गेलो होतो. सासऱ्यांनी, म्हणजे तात्याबा मामांनी, ऊस पुढे ठेवला आणि सोलायला खिशातला घडीचा चाकू दिला. लाकडी मुठीचा, जुना. उघडेना. जोर लावला. चाकू मिटलेलाच राहिला, अंगठ्याचं नख मात्र उघडलं. शेजारी साडू, बाळासो. त्याने चाकू घेतला, उघडला, ऊस सोलला आणि वर म्हणाला, ‘पाव्हण्यांचं हात पेनाचं हायती.’ ट्रॅक्टर हाकून बोटं राठ झाली की माणसाला चाकूची क्वालिटी कळत नाही.

मी शांतपणे डिक्लेअर केलं, पिव्हट जाम आहे, सर्व्हिसिंग लागेल. पुढच्या रविवारी एका बोटाने उघडेल. मामा काहीतरी सांगायला लागले, ‘पाव्हणं, त्यो चाकू म्हंजी...’ पण मी हातानेच थांबवलं. टेक्निकल बाबतीत सगळ्यांचं ऐकत बसलं तर काम होत नाही.

इथे खरं लिहायला हरकत नाही. लग्नाला आठ वर्षं झाली. त्या घरात विहिरीची मोटार जळाली, रेडिओ खरखरला, की बाळासोला निरोप जातो. ‘पाव्हणं, हे जरा बघा’ असं मला एकदाही कुणी म्हणालं नाही. वाईट वाटतं. रांजणगावला एवढ्या मोठ्या कंपनीत आहे मी. ‘हे जरा बघा’ हे मामांच्या तोंडून ऐकणारच.

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ६.१०.
प्लॅन: आज तेल, उद्या चाकू ओके, उरलेले पाच दिवस पॉलिश.

रात्री ८.
खोबरेल संपलं होतं. बायकोचं, पूनमचं, आवळ्याचं तेल वापरलं. चाकू घट्टच. वास छान येतो.

मंगळवार, ४ फेब्रुवारी.
दुसऱ्या अंगठ्याचं नख गेलं. आता दोन्ही हात बॅलन्स झाले.

संध्याकाळी आवळ्याचं तेल काढायला चाकू रॉकेलमध्ये बुडवून ठेवला. वाटी हाताला लागली ती घेतली. ती आमटीची होती हे पूनमने नंतर सांगितलं, आमटी वाढल्यावर. मी पूर्ण जेवलो. चूक मान्य करणं वेगळं आणि अन्न टाकणं वेगळं.

बुधवार, ५ फेब्रुवारी.
संध्याकाळी स्वयंपाकघरात गेलो तर पूनम त्याच चाकूने कोथिंबिरीच्या जुडीचा दोरा कापत होती. कापून झाल्यावर मिटवून कट्ट्यावर ठेवला. कसा उघडलास विचारलं, तर म्हणाली, उघडला. तिला नखं आहेत. शिवाय रॉकेलचा परिणाम नेमका तेव्हाच झाला असणार. लगेच मी उघडून पाहिला. परिणाम ओसरला होता.

‘माझ्या आबांचा चाकू हाय तसा देऊन टाका,’ असं तिचं म्हणणं. माहेरच्या वस्तूवर बायकांची माया असते. दुर्लक्ष केलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी. कंपनीतून, लंच टाइम.
गंज सोडवायचा स्प्रे मारला. डबा जवळजवळ रिकामा होता, म्हणजे रजिस्टरमध्ये येत नाही. फेस आला, बघायला बरं वाटलं. चाकू घट्ट.

टूलरूमच्या यादवला सहज दाखवला. त्याने उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, ‘साहब, जाम नहीं है, रिबिट किसी ने ठोक के टाइट किया है. जान-बूझके.’ मुद्दाम कोण कशाला आपला चाकू घट्ट करेल? माणूस हाताने चांगला आहे, पण विचार कमी.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी. सायंकाळ.
झालं!

रजा टाकली होती. रिव्हेटच्या, म्हणजे पातं धरणाऱ्या खिळ्याच्या, खाली स्क्रूड्रायव्हर घालून वरून हातोडी. तीन घाव. पहिला फरशीवर बसला, तो मोजत नाही. एक टवका उडाला, त्यावर पायपुसणं सरकवलंय. चाकू हातात घेतला आणि नुसता हलवला तर पातं बाहेर. एक बोट म्हणालो होतो, इथे बोटाचीही गरज नाही. सांगितल्यापेक्षा जास्त दिलं.

पूनमला बोलावून दाखवला. तिने आधी फरशी पाहिली.

शनिवार, ८ फेब्रुवारी.
फील्ड ट्रायल. चाकू खिशात घालून कंपनीच्या बसने निघालो. कारेगावच्या अलीकडे स्पीडब्रेकर आला आणि चाकू आपोआप उघडला. मेकॅनिझम किती स्मूथ आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही. पँट गेली. मांडीला थोडं लागलं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. कंपाउंडरने कसं झालं विचारलं, मी ‘मशीनवर’ सांगितलं.

सुधारणा: रबर बँड लावला. दोन लावले.

रविवार, ९ फेब्रुवारी. राहूहून परत.
थोडक्यात लिहितो.

ओट्यावर सगळे होते. मामा, मामी, बाळासो, माझ्याबरोबर आलेली पूनम. मी चाकू काढला, एक रबर बँड काढला आणि दुसरा आपणहून उडाला. तो बाळासोच्या चहात पडला. पातं मामांच्या दिशेने बाहेर आलं आणि लोंबत राहिलं. मी म्हणालो, शून्य बोटं.

मामांनी चाकू माझ्या हातातून काढून घेतला. मग धोतर जरा वर घेऊन त्यांनी मांडीवरचा जुना वण दाखवला आणि म्हणाले, ‘पाव्हणं, आधी ह्यो असाच ढिला व्हता. मेंढरामागं चालताना सदऱ्याच्या खिशात उघाडला. तवा म्या दगडानं ठोकून घट केला. त्येच सांगत व्हतो तुमास्नी.’ माझी पट्टी नेमकी त्याच जागी आहे. मी पँट वर घेतली नाही. पूनमने सगळं सांगून टाकलं.

कुणी हसलं नाही, हे जास्त लागलं. बाळासोसुद्धा चहातला रबर बँड काढत बसला. मामांनी अंगणातला दगड उचलला, दोन ठोके दिले, चाकू पहिल्यासारखा. माझ्याकडे परत दिला, ऊस सोला म्हणाले. उघडला नाही. मग मामींनी घेतला, उघडला आणि माझ्यासाठी उसाचे बारीक बारीक तुकडे करून ताटलीत ठेवले. तान्ह्या पोराला देतात तसे. खाल्ले. गोड होते.

निघायच्या आधी मामांनी विचारलं, कंपनीत तुमचं नेमकं काम काय असतं. मी सांगितलं, स्टोअरला असतो. माल आला की ठेवून घ्यायचा, कुणी मागितला की सही घेऊन द्यायचा, बाकी वेळ कुणी काही नेत नाही ना यावर लक्ष. ‘म्हंजी राखण,’ मामा म्हणाले. मी हो म्हणालो. म्हणाले, ‘चांगलं काम हाय. समद्यास्नी जमत न्हाई.’

मग अंगणात वाळत घातलेल्या तुरीकडे हात करून म्हणाले, ‘पाव्हणं, हे जरा बघा. शेरडं येत्याती.’

आठ वर्षांनी का होईना, म्हणाले. दोन तास काठी घेऊन बघत बसलो. तूर पूर्ण शाबूत आहे. मागच्या बाजूने एक शेळी आली होती, ती हिशेबात धरलेली नाही.