पुतळ्याची गादी

मंगळवार, संध्याकाळ. दार्सैत, मस्कत.

आज पुन्हा त्या पुतळ्याचे लाड! उद्या तपासणीला पाहुणे येणार, म्हणून आमच्या ट्रेनिंगवाल्या मॅडमनी वॉर्डातली एकुलती हवेची गादी चाचांखालून काढली आणि नर्सिंग शिकवायच्या प्लॅस्टिकच्या पुतळ्याखाली घातली. चाचा म्हणजे इथल्या मत्रह बाजारातले म्हातारे दुकानदार, मूळचे रत्नागिरीचे, लकवा मारल्यापासून पडूनच. "पोरी, पाठ जळते गो," म्हणाले. पाहिलं तर कंबरेखाली लालभडक. पुतळ्याची पाठ मात्र कशी गुळगुळीत!

माझ्याबरोबरच्या नर्सला, ग्रेसला, सांगितलं. ती नायजेरियात शिकलेली. म्हणाली, "आमच्या कॉलेजात पुतळाच नव्हता. टीचर आम्हालाच बेडवर झोपवायची, दुपारभर हलू द्यायची नाही. मग कळायचं, पेशंटची कूस का बदलायची." आणि ह्या मॅडम तिलाच येताजाता ऐकवतात, तुमच्याकडचं शिक्षण कच्चं! यांचं पक्कं ते हे?

आम्ही दोघींनी गादी परत चाचांखाली घातली. मॅडम कडाडल्या, "मग उद्या पुतळा कशावर झोपणार?"

मी चाचांची चादर नीट केली, गादी हलवली नाही. उत्तर इथे लिहिते: मॅडम, पुतळ्याला राहू द्या, तुम्हीच झोपा. आणि दुपारभर हलायचं नाही.