समास सोडून

तीर्थरूप ताईस साष्टांग नमस्कार (पाठीचं पुढे सांगतो, त्यामुळे तूर्त मनातल्या मनात घातला आहे).

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? (त्यांना विचारू नकोस, ते हो म्हणतील. दाराआडून ऐक.)

मी बरा आहे. ही गेल्याला आठ महिने झाले. घरात विशेष काही घडलं नाही, फक्त माझी पाठ कुणी बघितली नाही. बघितली ती शिंप्याने. सदऱ्याचं माप घेताना म्हणाला, मास्तर, उजवा खांदा वर येतोय. मला वाटलं, हा कापड जास्त मागणार. घरी दोन आरसे समोरासमोर धरून पाहिलं, तर दोन वर्षांपूर्वी काढलेली गाठ जुन्या वणाशेजारी परत येऊन बसलेली. तेव्हाच्या डॉक्टरने ‘चरबी आहे, विसरून जा’ म्हणत ती तपासायला न पाठवता टोपलीत टाकली होती. मी विसरलो. गाठ विसरली नाही.

मग मोठ्या दवाखान्यात तुकडा तपासला. कातडीखालच्या मऊ भागाचा कर्करोग निघाला. क्वचित कुणाला होणारा, हळू वाढणारा, सहसा दूर न पसरणारा. (हा ‘सहसा’ मला आवडला नाही.) पाच डॉक्टरांनी पाठ पाहिली आणि पाचही जण माझ्याशी गोड बोलले. मी तीस वर्षं गणित शिकवलं आहे, माझ्याशी कुणी उगाच गोड बोलत नाही.

त्यातल्या कापणाऱ्या बाईंनी पाठीवर पेनाने गोल काढला आणि म्हणाल्या, तीन सेंटिमीटर मार्जिन सोडून कापू. मार्जिन म्हणजे समास, आणि समास सोडा म्हणजे तिथे हात लावू नका, हे मी जन्मभर मुलांना सांगितलं. आधीच्याने न सांगता सोडलं, या सांगून सोडणार. मी सदरा चढवला आणि म्हटलं, काही सोडायचं नाही, नाहीतर मी चाललो. बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, “मास्तर, हा समास तुमच्या पाठीवर राहत नाही, गाठीबरोबर निघतो. त्याच्या कडेला रोग नाही हे दिसलं, की मगच शिवायचं.”

मी सदरा काढला (बटणं तशीही वरखाली लागली होती). तीन सेंटिमीटर खरंच आहेत का पाहायला पट्टी मागून घेतली, पण स्वतःच्या पाठीवर धरता येईना. शेवटी विश्वास ठेवावा लागला.

ऑपरेशन गुरुवारी आहे. तू येऊ नकोस, जिने फार आहेत. मी घाबरलेलो नाही.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. भाऊजींनाही पाठवू नकोस. ते डॉक्टरांना सल्ले देतात.

आणखी एक. फॉर्मवर ‘सोबत कोण’ या रकान्यात मी सवयीने हिचं नाव लिहिलं. नर्सने बाहेरच्या बाकांपाशी जाऊन ते दोनदा मोठ्याने पुकारलं. मी तिला थांबवलं नाही. नंतर दुसरा कागद मागून घेतला, त्यावर तुझं नाव आहे. गुरुवारी सकाळी आठला ये.