ओढ्यापलीकडचं शेत

प्रिय सखीस,
दुरून सप्रेम नमस्कार.

मी खुशाल आहे. गोळीबार थांबून महिना झाला, तेव्हा बातम्या बघत बसू नकोस. तुझा खोकला कसा आहे?

काल शेतजमिनींच्या सरकारी पाहणीसाठी एका म्हातारीकडे गेलो. तिच्या ओढ्यापलीकडच्या शेतात सुरुंग पेरलेत, त्यामुळे चार वर्षांत तिने तिथे पाऊल टाकलेलं नाही. मी तक्त्यात 'पडीक' लिहायला लागलो, तर तिने माझा हात धरला.

"मास्तर, पडीक म्हणजे सोडून दिलेलं. मी कुठे सोडलंय? तसं लिहिलंत तर उद्या दुसऱ्याच्या नावावर करतील."

मग तिने बरणी दाखवली. त्या शेताचं बियाणं ती दरवर्षी अंगणातल्या वाफ्यात पेरून ताजं करते. मुलांकडून आयुष्यभर शेतावरच्या कविता म्हणवून घेतल्या गं, पण त्या टपोऱ्या दाण्यांपुढे मला एक ओळ आठवेना.

तक्त्यात रकाने दोनच, लागवडीखाली आणि पडीक. दोन्ही कोरे ठेवून मी समासात लिहिलं, 'मालकीण पेरणीच्या तयारीत.' साहेब ओरडतील बहुतेक.

तिला वाचता येत नाही. तिने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "वही लगेच मिटू नका. शाई वाळू द्या."

तुझाच