मी हंबीरच्या कोचिंगमध्ये तोंड घालत नाही

१० जानेवारी १९९९, रविवार
आजपासून रोजनिशी. मी सांगते, शेजारच्या शालूबाई लिहितात. वाचायची कुणी नाही.
नातू हंबीर आपल्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमचा कोच झाला. गोव्यात पगारी खेळत होता, गुडघा गेला, घरी आला. आता इथंच राहणार. निश्चय: त्याच्या कोचिंगमध्ये मी तोंड घालणार नाही. घातलंय कधी?

१३ जानेवारी
भाजीला गेले होते, वाटेत मैदान लागलं. मंडई उलट्या बाजूला आहे, पण चालणं तब्येतीला बरं. हंबीर पोरांना सांगत होता, बॉल पायात ठेवू नका, लगेच पास द्या. स्वतः खेळायचा तेव्हा सख्ख्या भावाला पास दिला नसता. मी गप्प. टीममधल्या पिराजीला तेवढं म्हटलं, असल्या मांड्या असून मागं काय उभा राहतोस रं? तो डिफेन्सला आहे म्हणे.

२३ जानेवारी, शनिवार
उद्या मॅच. हंबीरची पोरांना ताकीद: आज मटण बंद. केळी आणि उकडलेली अंडी. चांगला विचार. मला शंभर टक्के पटला.
संध्याकाळी पोरांना जेवायला बोलावलं. केळीच देणार होते. पण नुसती केळी कशी वाढायची, म्हणून सोबत मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा केला. पोरं नको नको म्हणत पातेलं पुसून गेली. हंबीर तालमीत होता.

२४ जानेवारी
तीन-शून्य हरलो. हाफटाइमनंतर पोरं म्हशीसारखी सुस्त. रेफरी त्यांचा होता. हंबीरनं विचारलं, काल काय खाल्लंत? पिराजी म्हणाला, केळी. गुणी पोरगं.

२७ जानेवारी
तालमीचे अध्यक्ष आण्णा घरी आले. चहा पिऊन म्हणाले, हंबीरराव, रविवारी हरलासा तर दुसरा कोच बघतो, पेठंत तोंड दाखवायची सोय न्हाय राहिली. हंबीर म्हणाला, मग मी गोव्याला जातो, तिथला एक क्लब बारक्या पोरांच्या टीमसाठी बोलावतोय.
इतक्या वर्षांनी घरात दोन ताटं मांडते. निश्चय: रविवारी उंबऱ्याबाहेर पाऊल नाही.

३१ जानेवारी, रविवार, दुपारी
घरात आहे. शेंगा फोडते आहे.
स्टेडियमकडनं गलका झाला. गोल आपलाच. आपली हलगी मला कळते.

संध्याकाळी
गेले. पण पदर तोंडावर ओढून, पार वरच्या पायरीवर. एक-शून्य पुढं, मॅच संपत आलेली. हंबीर ओरडत होता, पिराजी, मागंच थांब! मी फक्त म्हटलं, घूस की रं पिराजी! नुसतं म्हटलं. सगळं स्टेडियम वळून बघत होतं, ते दुसऱ्या कशामुळं तरी असेल. पिराजी घुसला. त्यानं सोडलेल्या जागेतनं त्यांनी गोल मारला, मागोमाग दुसरा. खालच्या पायरीवरचा एकजण म्हणाला, कोच कोन हाय, ह्यो का ती म्हातारी?
हंबीरनं वर बघितलं. घरी येऊन न जेवताच भिंतीकडं तोंड करून झोपला. दमला असेल.

३ फेब्रुवारी
आण्णांनी नवा कोच आणला. हंबीर गेला. बॅगेत लाडू ठेवत होते तर म्हणाला, आजी, निदान बॅग तरी माझी मला भरू दे. सगळं त्या पिराजीमुळं. कुणाचंही ऐकतंय पोरगं.

२१ मार्च
शालूबाईंकडं हंबीरचा फोन आला. टीम जिंकते आहे. म्हणाला, आजी, हितली पोरं माझं ऐकत्यात. जेवतोस का विचारलं. व्हय म्हणाला. मी म्हटलं, मागच्या पोरांना जरा पुढं... तेवढ्यात लाइन कट. शालूबाईंनी परत लावला. मी म्हटलं, हंबीर, मागची पोरं... परत कट. तिसऱ्यांदा नुसताच वाजत राहिला.
गोव्याच्या लाइनी वाईट आहेत. शालूबाई लिहीनात, माझ्या तोंडाकडं बघत बसल्या. म्हटलं, लिहा. लाइनी वाईट.