मामा, एक विल्डबीस्ट आणि चढते पाणी

लिउवाचे मैदान, कालाबोपल्याड
(पाणी अजून उंबरठ्याबाहेर असताना)

गोधनाधिपती, दधिप्रिय, शुष्कभूमिभूषण श्रीमान हाकालिमा यांस,

लोझीकुलोत्पन्न, मत्स्याहारी, मुख्याध्यापक इमासिकु याचा गुडघे टेकून व टाळ्या वाजवून सप्रेम नमस्कार. (टाळ्या हळूच वाजवल्या आहेत. टोंगा जमातीच्या माणसाला याहून अधिक मान दिला, तर आमचे पितर रागावतात.) तुमच्या गाई कुशल असतीलच. त्यांच्यामागोमाग, मानाच्या क्रमाने, वहिनी आणि मुलेही कुशल असावीत. तुमची प्रकृती विचारीत नाही. रोज घागरभर आंबट दूध रिचवणाऱ्या देहाला व्याधीही बिचकते.

आमच्याकडे सर्व क्षेम आहे. पाऊस यथाकाल आला, मासळी पुष्ट आहे आणि विल्डबीस्टांचे कळप पहिल्या सरींबरोबर दक्षिणेस येऊन, मामांच्या शेतातील कसाव्याचा यथेच्छ समाचार घेऊन, माळ पाण्याखाली जाऊ लागताच उत्तरेच्या उंचवट्याकडे परतले. त्या महाप्रस्थानात सहस्रावधी खुरांनी उडवलेला चिखल माझ्या एकमेव पांढऱ्या सदऱ्यावर अद्याप विराजमान आहे. धुतल्याने तो फिकट होत नाही, फक्त पसरतो. एरवी माझी काहीच तक्रार नव्हती. परंतु त्या कळपातील एक वृद्ध नर मागे राहिला, आणि तोही नेमका अकापेल्वा मामांच्या टेकाडासमोरच्या उंचवट्यावर.

मामांना तुम्ही जाणताच. माझ्या मातोश्रींचे ज्येष्ठ बंधू, गावाचे इंदुना, म्हणजे राजाने नेमलेले प्रमुख. गुडघ्यांत वात आणि बुद्धीत वज्र. दरवर्षी पाणी चढू लागले की सगळे गाव होड्यांत बसून रानाकडच्या उंच वस्तीत जाते. यंदाही गेले. गेले नाहीत ते फक्त मामा. त्यांनी अंगणात खुर्ची मांडली, त्या दाढीधारी चतुष्पादाकडे काठी रोखली आणि सिद्धांत मांडला की, पुराचे ज्ञान मनुष्याहून त्याला अधिक. तो हलेल तेव्हा आपण हलू. टेकाडावरची शेजारची झोपडी एव्हाना दुधात बुडवलेल्या भाकरीसारखी बसली आहे. मामांच्या भिंतीही मातीच्याच. त्या विरघळल्या, तर वाताचे गुडघे घेऊन हा माणूस पोहणार कुठे?

तुम्ही म्हणाल, उचलून आणा. इंदुनाला उचलायचे? त्यांच्याशी बोलायचे तर आधी गुडघे टेकावे लागतात, आणि टेकाडाच्या पायथ्याशी आता असे पाणी आहे की गुडघे टेकले की ते हनुवटीला लागते. त्या अवस्थेत केलेल्या युक्तिवादाला वजन राहत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. मामांनी सर्व शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "बोलतोस छान. आता तोंडातलं पाणी थुंकून परत बोल."

तेव्हा मी निश्चय केला की मामांना हलवता येत नसेल, तर सिद्धांताचे मूळच हलवावे. शाळेची घंटा व पत्नीच्या मोठ्या पातेल्याचे झाकण ही शस्त्रे घेऊन मी होडीतून त्या नराच्या बेटावर उतरलो. घंटा वाजवली. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. (ही नजर मी शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांखेरीज कोठेही पाहिली नव्हती.) झाकण वाजवताच त्याने मस्तक नमवले, मला तो विनय वाटला. पुढच्याच क्षणी मी एका वारुळाच्या शिखरावर होतो. तिथवर कसा पोहोचलो, याचा वृत्तांत माझ्यापाशी नाही. खाली नर, वर मी, आणि पलीकडे दोन मुकुटधारी क्रौंच माझ्यावर टीका करीत उभे. वारुळाच्या मूळ रहिवाशांनीही आपले मत माझ्या पोटऱ्यांवर नोंदवले.

टेकाडावरून मामांचा आवाज आला, "अरे इमासिकु! त्याला पाढे म्हणून दाखव, लगेच पळेल!"

शेवटी सौ. नासिलेले दुसरी होडी घेऊन आली. तिने आधी झाकण तपासले, मग मला. "तो अजून तुमच्या वर्गात बसला नाही," ती म्हणाली, "म्हणून तर इतका धीट आहे." एवढे बोलून तिने वल्ह्याने पाण्यावर एक सणसणीत फटका मारला. नर चार पावले मागे सरला आणि मी होडीत पडलो.

असो. मी सुखरूप आहे, पोटऱ्यांची सूज उतरत आहे आणि आज उत्तम मासे शिजले आहेत. वहिनींना नमस्कार, वासरांना आशीर्वाद.

आपला नित्यतिरस्करणीय बंधू,
इमासिकु

ता. क. – एक क्षुल्लक विनंती राहिली. पूर्वजांनी तुम्हा टोंगांत आणि आम्हा लोझींत थट्टेचे नाते लावून दिले आहे. तुम्ही आमच्या वडीलधाऱ्यांना वाटेल ते बोला, त्यांना रागवायची मुभा नाही. माझ्या वडिलांच्या मयतीत तुम्ही मामांना "न विसळलेला पाणघोडा" म्हणालात आणि तो शोकाकुल माणूस दिवसभर खुदखुदत राहिला, हे मी विसरलेलो नाही. आम्ही त्यांना मानच देऊ शकतो, आणि मानाने ते हलत नाहीत. कृपया या, शिव्या द्या आणि त्यांना होडीत घाला.

आणखी ता. क. – पत्र कालाबोला नेणारी होडी उशिरा सुटत असल्याने हेही कळवतो, की आज सकाळी तो नर कोणालाही न विचारता उठला आणि पाणी तुडवीत उत्तरेस चालता झाला. सिद्धांत सिद्ध झाला म्हणून मामा प्रसन्न आहेत. गाठोडे बांधले, खुर्चीही होडीत ठेवली. तेव्हा तुम्ही येण्याची आवश्यकता उरली नव्हती. परंतु तुम्हाला बोलावणार होतो, हे आनंदाच्या भरात मी त्यांच्यापाशी बोलून गेलो. खुर्ची पुन्हा अंगणात आली आहे. "मामी गेल्यापासून मला कुणी धड शिवी दिली नाही," मामा म्हणतात. "तो दूधपिता टोंगा आल्याशिवाय मी पाय उचलणार नाही. आणि त्याला सांग, उत्तरं तयार आहेत!"

पाणी उंबरठ्याला लागले आहे. वाटेत दूध पीत बसू नका.