अठ्ठावन्न किलोचा मासा

हुडको, भिलाई
१८ जानेवारी २०२५

प्रिय देवा,

रामराम. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. वहिनीचे गुडघे आता कमी दुखत असतीन. इकडे मी अन् वंदना मजेत.

आता आईक. तुह्या तेजरामनं समुद्रात अठ्ठावन्न किलोचा टूना मासा पकडला! हसू नको बे, फोटो सोबत ठेवला आहे. आमचे जावई सुशीलराव विशाखापट्टणमले असतात, त्यांना गळ टाकाचा भारी शौक. बोट भाड्यानं घेतली अन् मलेही नेलं. मरोदा टँकवर आपण वीतभर मासोळ्या धरून मिरवत होतो ना, ते विसर आता.

ह्या माशानं पहिल्याच झटक्यात शंभर मीटर दोरी नेली. जावई म्हणे, "बाबा, मला द्या, तुमच्यानं नाही होणार." म्हटलं, सरका बाजूले! अठ्ठावीस वर्षं क्रेन चालवली मी. लोड झटक्यानं ओढाचा नसते, हे मले कोण शिकवन?

बोटवाला तेलुगू बोले, मले एक अक्षर समजेना, वरून इंजिनचा आवाज. मग तो हातानं सांगू लागला. अंगठा वर, ओढ. हात खाली, ढील दे. पंजा, थांब. तू खालून मले क्रेनच्या केबिनमंदी दाखवत होता, अगदी तसंच. मासा जवळ आला अन् मले घाई सुटली. त्यानं पंजा दाखवला. मी थांबलो. तेवढ्यात मासा बोटीखाली घुसला. ओढलं असतं तर दोरी तुटलीच असती.

दोन तासानं मासा वर आला. सारे नाचले. मी खाली बसून रडलो, देवा. जावयाले वाटलं, खुशीनं.

त्या दिवशी तुहाही पंजा मले दिसला होता. साफ दिसला होता. शिफ्ट सुटाची घाई, मी थांबलो नाही, लोड खांबाले धडकला. अन् चौकशीत मी लिहून देल्लं, का देवानंदनं इशारा देल्लाच नाही. तुहं प्रमोशन गेलं. तुह्या प्रवीणले आजही वाटते का बापाचीच चूक होती.

चूक माही होती. हे पत्र त्याले वाचाले दे.

रविवारी स्कूटर काढून मोहन नगरले येतो, तोंडानंही सांगतो. माहं तोंड पाहाचं नसन, तर दारातूनच पंजा दाखव.

या डाव थांबतो.

तुहा क्रेनवाला,
तेजराम